किशोरवयातील अस्थिपोषण : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

पिंडऱ्या व मांड्या दुखतात, या तक्रारीसाठी 14 वर्षांच्या एका मुलीला मजकडे आणण्यात आले होते. ‘वाढीचे वय आहे’ असे सांगून मी प्रवाळभस्म व दूध सुचविले. 3 महिन्यांनी ती आली ती कठड्याला धरून जिना चढत. तेव्हा केलेल्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी आढळले. ही चूक माझी होती. इतरांकडून ती होऊ नये, यासाठी हे टिपण.

शास्त्रविचार : चरकाचार्यांनी विमानस्थानात 16 वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व व पुढे 30 वर्षांपर्यंत वर्धमान मानले आहेत. आधुनिक मापनेही याला पूरक आहेत. प्रौढपणीच्या अस्थिसंचयाचा सुमारे चतुर्थांश भाग वाढीचा वेग सर्वाधिक असतानाच्या 2 वर्षांत साठतो. मुलींत हा काळ साधारण 12-13, तर मुलांत 14 वर्षांच्या सुमारास येतो. त्या वेळी राहिलेली उणीव पुढे भरून काढणे कठीण असते.

अस्थी हे वाताचे स्थान. वाग्भटाचार्यांच्या मते येथे आश्रय-आश्रयी संबंध इतर धातूंहून उलट असतो. वात वाढला की अस्थी क्षीण होतात. जागरण, लंघन व रूक्षान्न यांचे दुष्परिणाम यावरून ध्यानी यावेत. मेदातून अस्थीचे पोषण होते. म्हणून बारीक होण्यासाठी जेवण टाळणाऱ्या मुलीस पाळीविषयी अवश्य विचारावे. पाळी थांबली असेल, तर अस्थिक्षयाचा धोका संभवतो.

आहार : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार कॅल्शियमची दैनंदिन गरज 13-15 वर्षांत 1000, तर 16-18 वर्षांत 1050 मि.ग्रॅ. आहे. 50 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 175, तर पेलाभर (200 मि.लि.) गाईच्या दुधातून सुमारे 240 मि.ग्रॅ. मिळते. ताक, दही, तीळ, राजगिरा व डाळी यांचीही जोड द्यावी. अग्नी मंद असल्यास आधी दीपन-पाचन करावे.

विहार : ‘सकाळचे कोवळे ऊन घ्या’ हा आपला नित्याचा सल्ला अपुरा आहे. ड जीवनसत्त्व घडविणारे किरण सूर्य बराच वर आल्यावरच पुरेसे मिळतात. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. शाळा व शिकवणी यांत अडकलेल्या मुलांनी मधल्या सुटीत तरी हातपाय उघडे ठेवून उन्हात खेळावे. दोरीउड्या, लंगडी, खो-खो यांतील उड्यांचा व धावण्याचा भार अस्थींना बळकट करतो.

औषधविक्रेत्यांस विनंती : प्रवाळ, शंख, मौक्तिकशुक्ती ही मूलतः चुनायुक्त द्रव्ये आहेत. ड जीवनसत्त्वाच्या अभावी त्यांतील चुन्याचे शोषण नीट होत नाही. त्या जीवनसत्त्वाची 60,000 एककांची मात्रा चिठ्ठीवाचून पुनःपुन्हा देऊ नये; अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्कांस अपाय होतो. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, हेही ग्राहकास सांगावे.

एकाच जागी टिकून राहणारी वेदना, रात्री जाग आणणारे दुखणे, सूज, ज्वर किंवा वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास गोळी देऊन बोळवण करू नये. क्ष-किरण व रक्ततपासणी करवून तज्ज्ञाकडे पाठवावे.

त्या मुलीस योग्य उपचारांनी पुढे आराम पडला. परंतु वाया गेलेले ते 3 महिने तिच्या वाढीच्या ऐन काळातले होते, याची खंत मला आहे.