अंगाचं ऐकाल तर मन कळेल

मनातलं सांगताना आपण अंगाचंच नाव घेतो. भीती वाटली की पोटात गोळा येतो. वाईट बातमी ऐकली की काळजात धस्स होतं. राग आला की डोकं तापतं आणि लेक सासरी निघाली की ऊर भरून येतो. ही नुसती बोलायची रीत नाही. भावना अंगातही उमटते, आणि ज्याला अंगातली खूण ओळखता येते त्याला आपलं मनही लवकर ओळखता येतं.

हे कसं घडतं ते समजून घेऊ. डोळे, कान बाहेरची खबर आणतात. तशीच हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी, मूत्राशय यांची आतली खबरही मेंदूकडे सतत जात असते. मानेतून छाती-पोटात उतरणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिचे बहुतेक तंतू हुकूम खाली नेत नाहीत, खालची खबर वर नेतात. मेंदूतल्या इन्सुला या भागात ही खबर गोळा होते. भूक, तहान, धाप, धडधड आपल्याला जाणवते ती त्यातूनच. भीतीच्या वेळी ॲड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, हातापायांच्या कातडीतलं रक्त कमी होऊन ते गार पडतात, पोटाचं काम मंदावतं. म्हणून गोळा आल्यासारखं वाटतं.

फिनलंडच्या संशोधकांनी सुमारे ७०० लोकांना माणसाच्या आकृतीत रंग भरायला सांगितलं: कोणत्या भावनेत अंगाचा कोणता भाग जागा होतो आणि कोणता मंद पडतो? २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात राग डोकं, छाती आणि हातांत दिसला, भीती छातीत दिसली, आनंद सगळ्या अंगभर दिसला. दुःखात हातपाय मंद पडलेले दिसले. उत्तर देणाऱ्यांत तैवानचे लोकही होते, आणि चित्रं बरीचशी जुळली.

आता आपल्या करडीकडे येऊ. इथे आणि आजूबाजूच्या गावांत बायांची एक तक्रार नेहमीची आहे: "जीव घाबरते जी, छातीत धडधड करते, हातपाय थंड पडते." कशामुळे, असं विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही, असंच." थोडं बसून विचारलं की कळतं, सकाळपासून रोवणीच्या चिखलात उभी आहे किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. पोटात फक्त चहा. आडोसा नाही म्हणून लघवी रोखलेली. आणि बचतगटाचा हप्ता उद्यावर आलेला.

लहानपणापासून मुलीला शिकवलं जातं की भूक दाब, लघवी दाब, दुखणं सांगू नको. त्यात आपल्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अंग चोरून वागायला लावलं गेलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची आणि दागिन्यांची जुनी, जात दाखवणारी रीत सोडायला सांगितलं, तेव्हा प्रश्न कपड्यांपुरता नव्हता, स्वतःच्या अंगाकडे मानाने पाहण्याचाही होता. जी बाई रोज अंगाच्या खुणा दाबते, तिला पुढे राग कोणता, भीती कोणती आणि भूक कोणती हे वेगळं करणं जड जातं. दुपारी लेकराला फटका बसतो तो कधी लेकराच्या चुकीचा नसतो, आईच्या रिकाम्या पोटाचा असतो.

यात धोका दोन्ही बाजूंनी आहे. मनाचा त्रास असताना माणूस सलाईन लावून घेतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मूळ दुःख तसंच राहतं. उलट, खरा आजार असताना घरचे म्हणतात, "टेन्शन घेते, दुसरं काही नाही." रक्त कमी असलं तरी धडधड आणि धाप होते. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ पेक्षा कमी, गरोदर असल्यास ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय आहे. ज्या घरात सिकलसेल आहे तिथे लेकरू हाडं दुखतात म्हणालं तर त्याला नखरे समजू नका. पाणी पाजा, ऊब द्या, आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर मनाचं की अंगाचं हे ठरवत बसू नका, १०८ ला फोन करा.

बुद्धांनी सतिपट्ठानात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चारांकडे पाहायला सांगितलं. आज मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत तसं नाही. तिथे सुखद, दुःखद आणि सुखही नाही दुःखही नाही अशा तिन्ही जाणिवांना वेदना म्हणतात. अंगात उठलेली जाणीव आधी नुसती पाहावी, लगेच तिच्यामागे धावू नये, हा त्यातला अभ्यास घरातही करता येतो.

सकाळी, दुपारी आणि झोपताना दोन मिनिटं थांबा. स्वतःला तीन प्रश्न विचारा. अंगात कुठे जाणवतं? कसं आहे: जड, गरम, ताठ की हलकं? आणि मी जेवले का, पाणी प्याले का, झोप झाली का, पाळी जवळ आहे का? हे पाहून झाल्यावरच त्याला नाव द्या: राग, भीती, दुःख की नुसता थकवा. मग श्वास हळूहळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. लेकरांना पाटीवर माणूस काढून द्या आणि विचारा, "आज राग कुठे बसला होता?" घरातल्या पुरुषांनीही हे करावं. मुठी आवळल्या, जबडा ताठला हे वेळेत कळलं तर हात उठण्याआधी उंबऱ्याबाहेर जाता येतं.

एक सावधगिरी. काहींना छातीकडे लक्ष दिलं की धडधड आणखी वाढते. ज्यांच्यावर मारहाण किंवा अत्याचार झाला आहे त्यांना डोळे मिटून बसलं की जुनं सगळं वर येतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावे, तळपाय जमिनीला टेकवावे, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यावी. जबरदस्तीने बसू नये.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत, रात्रीही कुणीतरी बोलतं, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा आणि येत्या पौर्णिमेला जमाल तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.