जादा हार्ड डिस्क: तयार घ्यायची की केसिंग आणून जोडायची?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की लगेच दुकान गाठू नका. आधी घरात जुना लॅपटॉप किंवा बंद पडलेला पीसी पडून आहे का, ते बघा. त्यातली डिस्क अडीच इंची आणि धड असेल तर पाच-सात हजारांचं काम पाचशेच्या आसपास होतं.

पर्याय दोनच. एक, तयार एक्स्टर्नल डिस्क: कंपनीने सीलबंद केलेली, केबल लावली की सुरू. दोन, सुटी डिस्क आणि तिच्यासाठी केसिंग किंवा डॉक, म्हणजे डिस्क हवी तेव्हा काढता-बदलता येते. भाव सतत हलतात, त्यामुळे पुढचे आकडे घासाघीस करण्यापुरते धरा. तयार पोर्टेबल हार्ड डिस्क १ टीबीला साधारण ५ ते ७ हजार, २ टीबीला ७ ते १० हजार. पोर्टेबल एसएसडी १ टीबीला ८ हजारांपासून पुढे. अडीच इंची साटा केसिंग ३०० ते ८००, एनव्हीएमई केसिंग हजार ते अडीच हजार, साडेतीन इंची डिस्क उभी खोचायचा डॉक दोन ते साडेतीन हजार.

फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट, थोडे सिनेमे एवढंच ठेवायचं असेल तर तयार पोर्टेबल घ्या आणि विषय संपवा. सुटी नवी डिस्क आणि केसिंग मिळून खर्च जवळपास तेवढाच येतो आणि वॉरंटीची दोन वेगळी बिलं सांभाळावी लागतात. सुट्याचा फायदा दोघांनाच. ज्यांच्याकडे जुनी डिस्क आहे ते, आणि ज्यांचा डेटा दर महिन्याला वाढतो ते: लग्नाचे फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, आर्किटेक्टची ऑफिसं. त्यांनी डॉक एकदा घ्यावा, पुढे फक्त डिस्क घेत राहाव्यात. एक लक्षात ठेवा: साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती चालत नाही. रोज बॅगेतून न्यायची असेल तर ती नकोच.

जुनी डिस्क वापरण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ‘गुड’ आलं तर केसिंग घ्या. ‘कॉशन’ आलं तर जे निघेल ते काढून घ्या आणि तिचा नाद सोडा.

दुकानात ‘५०० जीबी कॉपी करायला किती वेळ?’ असं विचारलंत तर ‘पाच मिनिटं’ असं उत्तर मिळू शकतं. खरा हिशेब असा: यूएसबी ३ वर पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास जाते, म्हणजे साधारण दीड तास. जुन्या यूएसबी २ पोर्टला तेच काम चार तास खातं. हजारो बारीक फाइली असतील तर आणखी. म्हणून केसिंग ‘यूएसबी ३’चंच मागा; शंभर-दोनशे वाचवायला २ चं घेऊ नका. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर केबल कुठली येते ते आधी बघा, नाहीतर कनेक्टरचे वेगळे पैसे जातात.

आता छुपा खर्च. बिलाशिवाय ‘पाचशे कमी’ ही सर्वांत महागडी सवलत. वॉरंटी मागायला गेलात की बिल लागतंच. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. व्यवसायासाठी घेत असाल तर तुमचा जीएसटी नंबरही त्यावर हवा. दर १८ टक्के, तो एमआरपीत धरलेला असतो. एमआरपीवर वेगळा जीएसटी लावणं बेकायदा आहे. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटला ‘दोन टक्के जास्त’ सांगितलं तर देऊ नका, त्यावर दुकानदाराला बँकेचा चार्ज नसतो. ‘फॉरमॅटचे तीनशे, डेटा टाकायचे पाचशे’ यातलं फॉरमॅट तुम्ही घरी दोन मिनिटांत करता. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालवायची असेल तर ‘एक्सफॅट’ निवडा. डिस्कवर आधी काही असेल तर ते पुसलं जाईल, तेवढं बघा.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. ही फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. फसवणूक म्हणजे दीड हजारात ‘१६ टीबी एसएसडी’. आत बहुतेक वेळा छोटं मेमरी कार्ड असतं. जागा खोटी दिसते आणि नंतर टाकलेली फाइल आधीची खाते. शंका आली तर पैसे परत मिळण्याची मुदत संपण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर चालवून पूर्ण जागा तपासा. ऑनलाइन मागवलीत तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही. यांत्रिक बिघाड झाला तर डेटा काढून देणारे डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मागतात, शिवाय नुसत्या तपासणीचेही वेगळे. त्यामुळे बजेट ठरवताना एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या आणि महत्त्वाचं दोन्हींवर ठेवा. तयार डिस्क स्वतः खोलू नका. वॉरंटी जाते, आणि काही मॉडेलमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट सर्किटवरच असतं, त्यामुळे ती दुसऱ्या केसिंगमध्ये बसतही नाही.

कुठे घ्याल? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. लॅमिंग्टन रोडला रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी झुंबड. मधल्या वारी दुपारी जा आणि तीन दुकानांत भाव विचारा. सुटी डिस्क असेल तर दुकानातच सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटीची तारीख दिसली नाही तर माल जुना किंवा दुसऱ्या कुणासाठी आलेला समजा आणि परत ठेवा. आधार, पॅन यातलं काही लागत नाही.

बिल असूनही दुकानदार टोलवत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करताना बिल, सीरियल नंबर आणि झालेले मेसेज हाताशी ठेवा.