मांडवीचा किनारा आणि जागतिक संघटना

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस काळ्या वाळूचा मांडवी किनारा आहे. ‘मांडवी’ या शब्दाचा जुना अर्थ जकातीची जागा असा होतो. ज्या बंदरावर माल उतरतो, त्याचा संबंध दूरच्या देशांशी येतोच. संयुक्त राष्ट्र संघ व त्याच्या सहयोगी संघटना हा विषय शाळेत नावे आणि मुख्यालये पाठ करण्यापुरता राहतो. वस्तुतः या संघटनांचे निर्णय मांडवी-मिऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेले आहेत.

संघाची रचना

दुसऱ्या महायुद्धानंतर, २४ ऑक्टोबर १९४५ रोजी संयुक्त राष्ट्र संघ अस्तित्वात आला. भारत हा त्याच्या ५१ संस्थापक सदस्यांपैकी एक होय. आज सदस्यसंख्या १९३ आहे. आमसभेत प्रत्येक राष्ट्रास एक मत असते. सुरक्षा समितीत १५ सदस्य असून त्यांपैकी पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालय राष्ट्राराष्ट्रांतील तंट्यांचा निवाडा करते. आरोग्य, शेती, हवामान, नौकानयन अशा विषयांसाठी स्वतंत्र विशेष संघटना आहेत. सामान्य नागरिकाचा संबंध मुख्यतः या संघटनांशीच येतो.

वादळाची पूर्वसूचना

जागतिक हवामान संघटनेचा करार २३ मार्च १९५० रोजी अमलात आला. तिचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. वाऱ्याला सरहद्द नसते; एका देशाने आपल्या निरीक्षणांची माहिती दडवल्यास शेजारच्या देशाचा अंदाज चुकतो. म्हणून सदस्य देश हवामानाच्या नोंदी परस्परांना देतात. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांतील चक्रीवादळांसाठी १९७२ साली स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. या समुद्रांतील वादळांच्या सूचना देण्याचे प्रादेशिक काम नवी दिल्लीचे केंद्र करते.

वादळांची नावेही अशीच ठरतात. एप्रिल २०२० मध्ये १३ देशांनी प्रत्येकी १३ याप्रमाणे १६९ नावांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातील पहिले नाव ‘निसर्ग’. ते बांगलादेशाने सुचविले होते. हे वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली, मंडणगड तालुक्यांत घरे व बागा यांची मोठी हानी झाली. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले.

जहाजांचे नियम

‘निसर्ग’च्या दिवशीच ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतले. त्यावरील १३ खलाशांची सुटका झाली; जहाज मात्र पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिले. समुद्रावरील जीविताची सुरक्षा, जहाजांमुळे होणारे प्रदूषण, अडकलेल्या जहाजाची जबाबदारी यांविषयीचे करार लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या विद्यमाने होतात. जहाजांचे अवशेष हटविण्याबाबतचा करार २००७ साली नैरोबी येथे झाला व भारताने तो २०११ साली स्वीकारला. परंतु करार होणे आणि जहाज प्रत्यक्ष हलणे यांत किती अंतर असते, हे मिऱ्यावासीयांनी पाहिले आहे.

समुद्र, आंबा आणि कातळशिल्पे

१९८२ च्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र व २०० सागरी मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र ही मर्यादा मान्य केली. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. भारताने या कराराला १९९५ साली संमती दिली. त्याच वर्षी रोम येथील अन्न व शेती संघटनेने जबाबदार मासेमारीची आचारसंहिता स्वीकारली. मासळीचे बीज राखले नाही, तर पुढच्या पिढीचे जाळे रिकामे येईल, हा तिचा गाभा होय.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारास अनुसरून भारताने भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली केला. त्याखाली कोकणातील हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यांत रत्नागिरी तालुक्यातील उक्षी व जांभरूण यांचा समावेश आहे. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या किल्ल्यांना वारसा दर्जा मिळाला. जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग त्यांपैकी एक आहे.

मर्यादा आणि आपले कर्तव्य

या संघटनांच्या हाती पोलीस वा तहसीलदार नाही. त्या नियम सुचवितात, माहिती व साहाय्य पुरवितात. अंमलबजावणी सदस्य राष्ट्रांनी करावयाची असते. नकाराधिकारामुळे युद्धाच्या प्रश्नावर संघ अनेकदा हतबल ठरला. मात्र जेथे राष्ट्रे एकदिलाने राबली, तेथे १९८० साली जगातून देवीच्या रोगाचे उच्चाटन जाहीर करता आले. त्यात गावोगाव हिंडलेल्या लस टोचणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

वादळाची सूचनाही अशीच शेवटच्या माणसावर अवलंबून असते. जिनिव्हा आणि दिल्लीचे काम बंदरावर बावटा चढेपर्यंत चालते. बावटा लागल्यावर एकही होडी बाहेर पडू नये, समुद्रात गेलेल्यांना निरोप पोहोचावा आणि कच्च्या घरांतील वृद्ध व मुले वेळीच शाळेत हलवावीत, हे काम ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तलाठी यांचे आहे. तेथे कसूर झाल्यास आधीची सारी यंत्रणा व्यर्थ ठरते.