अँब्युलन्समधला ईसीजी

छातीत दुखतंय म्हटलं की आपल्याकडे पहिलं निदान ठरलेलं: ॲसिडिटी. मग सोडा, मग ओवा, मग "जरा पडून रहा". हार्ट ॲटॅकमध्ये नेमका हाच वेळ वाया जातो. हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झाली की पुढचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू परत मिळत नाही. हे ओळखायचं सगळ्यात झटपट साधन म्हणजे ईसीजी. तो हॉस्पिटलात पोचल्यावर काढायचा, की पेशंट असेल तिथेच?

दुरून ईसीजी घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९०५ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडन गावात आइंथोव्हेन यांनी हॉस्पिटलातल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला. कारण मजेशीर आहे, त्यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटकडे नेणं अशक्यच! पुढे १९६६ मध्ये बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी डॉक्टर आणि यंत्रं गाडीत घालून थेट पेशंटच्या घरी पाठवायला सुरुवात केली.

आता अँब्युलन्समध्ये १० इलेक्ट्रोड चिकटवून १२ लीडचा ईसीजी काढतात आणि मोबाईल नेटवर्कवरून डॉक्टरांकडे पाठवतात. पेशंट वाटेत असतानाच कॅथलॅब तयार होते. शिवाय जवळचं पण अँजिओप्लास्टीची सोय नसलेलं हॉस्पिटल टाळून गाडी सरळ योग्य ठिकाणी नेता येते. माझ्या मते खरा फायदा हा दुसरा.

आता आपल्या कामाची गोष्ट. ईसीजीचा सिग्नल जेमतेम १ मिलीव्होल्टचा, आणि डॉक्टर जी 'एसटी' रेषा वर सरकलेली शोधतात ती कागदावर १ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलीव्होल्ट. त्यात आपले रस्ते! गाडी हलली, पेशंटने श्वास घेतला की अख्खी बेसलाइन डोलते. मग लावा की हाय-पास फिल्टर, असं कुणीही इंजिनियर म्हणेल. पण इथेच गोची आहे. ०.५ हर्ट्झखालचं सगळं कापलं तर रेषा छान सरळ दिसते, पण एसटीचा भाग मुळातच संथ असल्याने तोच वेडावाकडा होऊ शकतो. म्हणून निदानासाठी खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ ठेवतात आणि रीडिंगपुरती गाडी थांबवणं बरं पडतं. सुंदर दिसणारा ग्राफ खरा असेलच असं नाही (लॅब जर्नलवाल्यांनी नोंद घ्यावी).

उपयोग किती? इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदींवर २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात २००५ ते २००९ मधले जवळपास २ लाख ८९ हजार पेशंट होते. वाटेत ईसीजी झालेल्यांपैकी ७.४ टक्के ३० दिवसांत दगावले, न झालेल्यांपैकी ८.२ टक्के. फरक छोटा वाटतो, पण हजारामागे ८ माणसं होतात. अर्थात हा प्रयोग नव्हे, नोंदींचा अभ्यास. जास्त अत्यवस्थ पेशंटचा ईसीजी राहूनच गेला असेल, हीही शक्यता आहे. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असंही नाही. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. त्याच अभ्यासात बायकांचा ईसीजी वाटेत काढला जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी होतं. यंत्र तेच, गाडी तीच! धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं अशी लक्षणं बायकांमध्ये जास्त दिसतात आणि ती हृदयाची वाटत नाहीत. तेव्हा घरी आई किंवा मेसच्या मावशी असं काही सांगू लागल्या, तर ओव्याचा डबा शोधण्याआधी १०८ ला फोन लावा, आणि गाडी आल्यावर ईसीजी काढणार का, हे स्पष्ट विचारा.