रेसिंगची गाडी आणि घरची गाडी

मूर्तिजापूर

चि. भाचीबाईस,


पोलोचे फोटो पाहिले. गाडी देखणी आहे, त्यात वाद नाही. लाल रंग, काळं टप, खाली बसवलेली, मोठ्या रिमा. २०१४ ची जीटी टीएसआय, एमएच-१४ पासिंग, तिसरा मालक. इंजिन 'रीमॅप' केलंय आणि गाडी ट्रॅकवर पळालेली आहे, असं विकणाऱ्याने वर लिहिलंय. त्याने ते भूषण म्हणून लिहिलं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सोमवार ते शुक्रवार हीच गाडी घेऊन हिंजवडीला जायचं आणि रविवारी हीच ऑटोक्रॉसला उतरवायची, असा तुझा बेत. बाई, रेसिंग कर. मी अडवणाऱ्यांतला नाही. तुझ्या आईची माझ्याबद्दल जी जुनी तक्रार आहे ती हीच. पण रेसिंगची गाडी आणि घरची गाडी एक करू नकोस.

आधी त्या रीमॅपचं बघू. इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवे हुकूम देऊन टर्बोचा दाब वाढवतात, ताकद वाढते. पण क्लच आणि गिअरबॉक्स कंपनीने मूळ ताकदीच्या हिशेबाने दिलेले असतात, ते तेवढेच राहतात. त्यात ही जीटी टीएसआय म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. ती पेटी उघडायची वेळ आली तर खर्च ऐकून तुझा पगार लाजेल. गाडी हौसेने पिळणारा माणूस ती विकायला केव्हा काढतो? पुढचा खर्च दिसायला लागला की. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाहीत. आरटीओच्या वायुवेग पथकाने अडवलं तर "मी अशीच घेतली" हे उत्तर चालत नाही.

आणि तुझ्या स्कूटीची पॉलिसी काढून नीट वाच. वापराच्या मर्यादा म्हणून बारीक अक्षरांत काही ओळी असतात. शर्यत, वेगाची चाचणी अशा कामासाठी वाहन वापरलं तर विमा लागू नाही, असं त्यात असतं. मोटारीच्या पॉलिसीतही तेच. रविवारी मैदानात गाडी उलटली तर सोमवारी ऑफिसला कशाने जायचं हा प्रश्न राहतो, आणि कर्जाचा हप्ता तर पाच तारखेला जातोच.

आता रेसिंगचं. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हा खेळ समजावायला फार बोलावं लागत नाही. बैलजोड्यांचा शंकरपट तू पाहिला आहेस. जोडी सुटते ती घड्याळाशी. सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस या गोठ्यात जातं की त्या. २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद पडले, १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा या भागातल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची कळा बदलली होती. तळेगाव दशासरच्या पटात तर आता बायकाही जोडी हाकतात, म्हणजे तुझ्या आजीला सांगायला एक मुद्दा झाला. ऑटोक्रॉस तसंच. मोकळ्या मैदानात मातीचा वळणावळणाचा मार्ग आखतात, गाडी सुटते, वेळ मोजतात. शंकू पाडला की दंडाचे सेकंद चढतात. धुरकऱ्याला जोडी ओळखावी लागते, बैलांच्या अंगावर नवी झूल असून भागत नाही. तुला तर अजून गाडी वळणात मागून सुटायला लागली की काय करायचं हेच शिकायचंय. ते शिकायला टर्बो लागत नाही.

या देशात हौशी रेसिंग उभं राहिलं ते साध्या गाड्यांवरच. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकात 'फॉर्म्युला मारुती' नावाची एकआसनी गाडी बांधली. तिच्यात इंजिन कोणतं? मारुती ८०० चं, ७९६ सीसीचं. आपल्या गावात डॉक्टर लोक ज्या गाडीतून पेशंट बघायला जायचे त्याच गाडीचं. नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच वर्गात पळाला, आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. पुढे तिथे एलजीबी फॉर्म्युला ४ च्या गाड्या पळू लागल्या, त्यांतही मारुतीचंच १३०० सीसीचं इंजिन. मोठी इंजिनं नंतर येतात गं. हात आधी तयार व्हावे लागतात.

म्हणून क्रम असा धर. कार्टिंग कर. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत; पुण्याहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे चूक थेट पाठीला कळते. मग एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स काढ. कोइम्बतूर आणि चेन्नईकडे रेसिंग टीम शनिवार-रविवारसाठी सीट भाड्याने देतात. गाडी त्यांची, मेकॅनिक त्यांचे, तू हेल्मेट घेऊन जायचंस. भाडं ऐकून महाग वाटेल, पण पोलोच्या एका गिअरबॉक्सशी तुलना करून बघ. पहिल्या वर्षाचा पैसा हेल्मेट, प्रवेश फी, टायर यांत जाऊ दे.

एवढं करूनही स्वतःची रेसिंगची गाडी हवीच झाली, तर मला कळव. जुनी एस्टीम शोधू. १९९४ ला आली, २००७ ला बंद झाली. अंगाने हलकी, रेस आणि रॅलीवाल्यांनी डोक्यावर घेतलेली. आतलं सगळं काढून टाकायचं, लोखंडी केज वेल्ड करायचा, आणि मैदानापर्यंत टेम्पोवर टाकून न्यायची. रस्त्यावर नाही. तिच्या इंजिनाला मी या वयातही हात लावू शकतो. तुझ्या पोलोला आधी लॅपटॉप लागतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. तुझे मावसभाऊ दिवाळीत तुला माना गावाकडच्या महामार्गावर गाड्या पळवायला घेऊन गेले होते, हे मला कळलंय. तो रस्ता कसा झाला तुला ठाऊक आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. तेव्हापासून आमच्या पोट्ट्यांना वाटतं, विक्रमाच्या रस्त्यावर आपणही विक्रमच करायचा. संध्याकाळी त्याच रस्त्यावर कापूस भरलेले ट्रॅक्टर बिनालाइटचे चालतात. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो तो हॉर्न ऐकून थांबत नाही. दीडशे-दोनशे किलोचं जनावर काचेतून आत आलं की आतल्याचं काय होतं, ते मी क्रेन घेऊन गेल्यावर पाहिलंय, लिहीत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे, दंड आहे, कैदही होऊ शकते. ते राहू दे. मान्याला जोडी लावायला बोलावणाऱ्याला सांग, मामा येतो म्हणाले बघायला. कोणी येणार नाही.

आता घरची गाडी. फोटोवरून गाडी घेऊ नये आणि दुपारी बघायला जाऊ नये. सकाळी जा, न कळवता थोडं आधीच जा, आणि पहिला हात बोनेटवर ठेव. गरम लागलं तर मालकाने तू येण्याआधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिन त्याला दाखवायचं नाही. थंड असेल तर स्टार्ट करायला लाव आणि मागे उभी राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून बघ. आतून ताकासारखा पांढरा थर दिसला तर हेड गॅसकेटचा संशय धर आणि नमस्कार करून निघ. लोहचुंबक पर्समध्ये ठेव. दरवाज्याच्या खालच्या कडेला चिकटला नाही तर तिथे पत्र्यावर लांबी भरलीय. बोनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे, रबराच्या कडेला रंगाचे शिंतोडे, चारपैकी एकाच काचेवर वेगळा शिक्का, हे सगळं बोलतं. "नॉन-ॲक्सिडेंट" हा शब्द विकणाऱ्याचा आहे, पत्र्याचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका गुरुजींनी एक डिझायर आणली, घ्यावी का म्हणून. पांढरी, पुणे पासिंग, मीटरवर शेहेचाळीस हजार. मी खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. मधली नक्षी पार गेलेली, कड गुळगुळीत. स्टीअरिंग डाव्या बाजूने चकाकत होतं. शेहेचाळीस हजारांत रबर इतकं झिजत नाही. मीटर मागे फिरवलेला. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची होती. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, जेवढा कोणी कधी ओढत नाही तेवढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळसर गाळाची आडवी रेघ. सीटच्या रुळांखाली गंज. गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी राहिलेली होती. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. अशा पुरातल्या गाड्या लिलावात निघतात, धुऊन-पुसून लांबच्या बाजारात जातात. आपल्या कोरड्या मुलखात पुराचा संशय कोणाला येणार? गुरुजी इसार देऊन बसले होते. तो परत मिळवायला त्यांना बरेच हेलपाटे पडले.

टायर घासलाय का एवढंच बघू नकोस, जन्मतारीख बघ. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात; ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. तू गावाकडे येशील ती समृद्धीने, कारंज्याला उतरशील. तिथे कारची मर्यादा १२० आहे आणि मे महिन्यात त्या काँक्रीटवर जुना टायर तापून फुटतो. नक्षी भरपूर आहे म्हणून जुने टायर ठेवू नकोस. किमतीतून टायरांचे पैसे वजा करून माग.

आणि कागद. यात तू घाई करशील, म्हणून लांबवतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघ. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी तुझ्या नावावर झाली, असं नाही. आरसीवर नाव आलं की झाली. तिसरा मालक म्हणतो गाडी "अजून दुसऱ्याच्याच नावावर आहे, पण काळजी नाही". बाई, काळजी आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की गाडी किती हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. तो दुसरा मालक उद्या जागा झाला, तर आधी तुझ्या दारात येईल. विमाही नावावर करून घे. अर्ज चौदा दिवसांत करायचा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीच्या किमतीत लावून घेऊ नकोस. थकलेली चलानं ऑनलाइन दिसतात, ती त्यानेच भरायची. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई संपते. आणि ही पोलो २०१४ ची, म्हणजे २०२९ ला पंधरा वर्षं भरतील: फेरनोंदणी, फिटनेस, ग्रीन टॅक्स. तुझं कर्ज तेव्हाही चालू असेल.

मी जुन्याच्या विरुद्ध नाही, हे तुला सांगायला नको. आपल्या स्टेशनावरून जी सुटायची त्या शकुंतला रेल्वेगाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. यवतमाळपर्यंत. ते चाललं, कारण रोज कोणीतरी त्याला तेल घालत होतं आणि त्याच्याकडून ठरल्यापेक्षा जास्त काम मागत नव्हतं. तुलाही तसाच मालक शोधायचा आहे: एकहाती, सर्व्हिसची बिलं फाइलला लावणारा, थोडा कंटाळवाणा. निवृत्त बँकवाले किंवा कॉलेजातले प्राध्यापक बघ. साधी पेट्रोल गाडी, मूळ मापाचे टायर, मूळ सायलेन्सर, सीटवर अजून प्लॅस्टिक असेल तर उत्तमच. रंग तुला आवडणार नाही, चालेल.

पोलोवाल्याला नाही म्हण. वाईट वाटून घेऊ नकोस, ती गाडी आठ दिवसांत दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असेल. नवीन जी बघशील तिच्या आरसीचा फोटो, चारही टायरांचे आकडे आणि बोनेट उघडून दोन फोटो मला रविवारच्या आत पाठव. कोल्हापूरचं तिकीट काढलंस तर तुझ्या आईला तूच सांग, मी सांगणार नाही. हेल्मेटचे पैसे मी देतो. मापाचं घे, मोठं घेऊन आत फडकं कोंबू नकोस.

तुझा,
मामा