हा हात नक्की माझाच?

आपलं शरीर आपलंच, हे आपण गृहीत धरतो. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन यांनी एक साधा प्रयोग केला. खरा हात पडद्याआड, समोर रबरी हात. दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला. थोड्याच वेळात बऱ्याच जणांना रबरी हात आपला वाटू लागला! म्हणजे डोळे, त्वचा आणि स्नायू-सांध्यांतले सेन्सर यांचा मेळ घालून मेंदू ही मालकी ठरवतो. वय वाढलं की सांध्यांचा सिग्नल क्षीण होतो, मग डोळ्यांवरची भिस्त वाढते. माझी आजी अंधारात भिंत धरून चालते ती म्हणूनच. पाय कुठे पडला ते न बघता तिला नीट कळत नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा बाथरूमच्या वाटेवर एक झिरोचा बल्ब तेवढा लावा.