वल्हे हाती घेण्यापूर्वी

आमच्या पेणेजवळून वाहणारी भोगावती धरमतरच्या खाडीस मिळते, आणि ती खाडी रेवस व करंजा यांच्या मधून मुंबई बंदराच्या पाण्यात शिरते. म्हणजे आपल्या दारचे पाणी व त्या महानगराचे पाणी एकच होय. एके काळी अंतोऱ्याच्या बंदरातून गलबते मुंबईस जात. आज आमचे विद्यार्थी कोलाडास जाऊन कयाक नावाची चिंचोळी, हलकी होडी हौसेने वल्हवितात. आणि शिक्षणासाठी विलायतेस गेलेली कित्येक मुले लंडनमध्ये थेम्स नदीवरही तीच हौस करू पाहतात. हा खेळ उत्तम आहे. त्याने बाहूंस बळ व मनास धैर्य येते. परंतु धैर्य व अविचार यांतील भेद ज्यास कळला नाही, त्याने वल्हे हाती घेऊ नये, असे आमचे मत आहे.

पहिला धडा भरती-ओहोटीचा. चंद्रामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. म्हणून आमच्या किनाऱ्यावरील जुनी रीत अशी की, तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे; जो आकडा येईल त्या तासास, स्थूलमानाने, पूर्ण भरती असते. तृतीया घेऊ. तीन पाऊणे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती पुरी होईल व खाडीच्या आत ती आणखी काही वेळाने येईल. मग सुमारे सहा तास ओहोटी. आता समजा, चार मित्र तीन वाजता धरमतराहून रेवसाकडे निघाले. ओहोटी त्यांस अलगद पुढे नेते, आणि ‘आम्ही किती वेगाने वल्हवितो!’ असा त्यांस भ्रम होतो. पाच वाजता ते परत फिरतात. परंतु ओहोटीचा तिसरा व चौथा तास सर्वांत जोराचा. तेव्हा समोर ओढ, मागून अंधार, आणि कडेस उतरावे तर कमरेइतका चिखल! संकट पाच वाजता आले असे त्यांस वाटते. वास्तविक ते तीन वाजताच होडीत बसले होते. थेम्सचेही असेच आहे. मुंबईस उधाणाचे पाणी पाच मीटरांच्या आसपास चढते, तर लंडन पुलाजवळ सुमारे सात मीटर.

दुसरा धडा मोठ्या बोटींचा. कयाकमध्ये बसणाऱ्याचे डोके पाण्यापासून जेमतेम दोन हात उंच असते; मोठ्या जहाजाच्या नाळेखाली ते दिसतही नाही, आणि दिसले तरी जहाज तत्काळ थांबत नाही. 20 ऑगस्ट 1989 रोजी थेम्सवर ‘मार्शनेस’ ही सहलीची बोट गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाली व 51 माणसे मेली. म्हणून जहाजांचा मार्ग सरळ काटकोनात, सर्वांनी मिळून व त्वरेने ओलांडावा. नांगरलेल्या बोटीच्या प्रवाहाकडील बाजूस कदापि जाऊ नये. पाणी होडीस तिच्या तळाखाली ओढते.

तिसरा धडा पाण्याच्या थंडीचा. आमच्या कोमट खाडीत पटाईत पोहणाराही विलायतेत फसतो. पंधरा अंशांहून थंड पाण्यात पडताच श्वास अनावर होतो व तोंडात पाणी जाते. अशा वेळी हातपाय झाडू नयेत. उताणे पडून तरंगावे, श्वास स्थिर होऊ द्यावा, मगच हाक मारावी. जीवरक्षक जाकीट अंगात घट्ट बांधलेले असावे. होडीत ठेवलेले जाकीट घरी ठेवल्यासारखेच होय. होडी उलटली तर ती सोडून काठाकडे पोहू नये. तीच आपला आधार.

रोह्याच्या कुंडलिकेचा धडा निराळा. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटले की नदी एकाएकी चढते. म्हणून जाणत्या वाटाड्यावाचून तेथे उतरू नये. वेगवान पाण्यात पडल्यास उभे राहू नये, पाय खडकांत अडकतो. पाय प्रवाहाच्या दिशेस करून उताणे वाहत काठ गाठावा.

पालकांस स्मरत असेल, निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल, की 17 जुलै 1947 रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. या तालुक्यांतील कित्येक घरी त्या दिवशी वाट पाहणारी माणसे वाटच पाहत राहिली. जेथे मोठी बोट टिकली नाही, तेथे आषाढाच्या समुद्रास चिंचोळ्या होडीने आव्हान देणे हे शौर्य नव्हे.

तरी मुलांस पाण्यापासून दूर ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. मनाई केल्यास ती न सांगता जातील, व न सांगता जाणे हाच सर्वांत मोठा धोका. म्हणून पालकांनी निघण्यापूर्वी चारच प्रश्न विचारावेत: भरती केव्हा? सोबत कोण? जाकीट कोठे? परत किती वाजता? या चारांची उत्तरे जो मुलगा अथवा मुलगी न अडखळता देईल, त्याच्या वा तिच्या हाती वल्हे खुशाल द्यावे, आणि सांगितलेली वेळ टळताच शोधास लागावे. ईश्वराने बुद्धी दिली आहे ती काठावरच वापरावयाची असते. पाण्यात पडल्यावर तिला फार थोडा अवकाश मिळतो.